वजा चारचा उन्हाळा

मे महिना लागला की दोंडाईच्यात दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं आणि गच्चीवर घातलेले ज्वारीचे पापड सकाळी टाकले की जेवणाच्या आत वाजायला लागतात. अशा वेळी शहाणी माणसं झोपतात. आमच्या घरात मात्र पुढच्या खोलीतून बायकोचा आवाज येत असतो, "एक्स बरोबर वजा दोन. ठेवा. कंसात ठेवा! कंस कुठंय?"

मी मागच्या बाजूला कूलरमध्ये पाणी ओतत असतो. 'कंस कुठंय' हे शब्द कानावर पडले की माझ्या हातातली बादली हिंदकळते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी यंदा आठवी पास होऊन त्याच खोलीत पहिल्या रांगेत बसली, तरी हिंदकळते.

लोकांच्या घरात ऋतू पिकांवरून कळतो किंवा भाजीवरून. आमच्याकडे तो धड्यांवरून कळतो. संच सुरू झाले की समजायचं, पेरणीची कामं आटोपली. त्रिकोण आले की दिवाळीचा फराळ संपत आला. आणि मे म्हणजे बहुपदी. नववीत जाणाऱ्या मुलांची व्हेकेशन बॅच वैशाली बहुपदीपासूनच सुरू करते. तिचं म्हणणं असं, की या धड्याला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. पण मे महिन्यात ती उन्हानं आधीच अर्धमेली असतात, तेव्हा घाबरायचं त्राण उरत नाही. तेवढ्यात धडा उरकून घ्यावा.

मी या धड्याला घाबरलो, तोही मे महिनाच होता. फक्त मी नववीत नव्हतो. मी नवरदेव होतो. म्हणजे व्हायला निघालो होतो.

तेव्हा मी ठिबकच्या नळ्या, फिल्टर आणि पाण्याच्या मोटारी यांचं आमचं दुकान नुकतंच हातात घेतलं होतं. दुकान बरं चालत होतं, त्याअर्थी पोरगा लग्नाचा झाला, असा निर्णय सुकलाल मामांनी दिला. सुकलाल मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं आणि दोन्हींत शाई नाही. त्यांचा मुख्य उद्योग शेती असं सगळे म्हणत. पण शेत त्यांनी शेवटचं कधी पाहिलं हे शेतालाही आठवत नसावं. ते लग्नं जमवत. आमच्या घरात माझ्या वडिलांनी दुकान सांभाळायचं आणि जगाशी बोलायचं काम मामांनी करायचं, अशी वाटणी मी जन्मायच्या आधीपासून झालेली होती.

मामांनी जळगावजवळच्या असोद्याचं एक स्थळ काढलं. वडील केळीचे बागायतदार. मुलगी एम.एस्सी., घरीच गणिताचे क्लास घेते. "गणितनी मास्तरीन शे," मामा म्हणाले. "दुकानना हिशोब पाहीन. तू मोकळा." मला दहावीला गणितात काठावरचे गुण पडले होते. निकालाच्या दिवशी मी पेपर तपासणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार केला आणि बीजगणिताचं पुस्तक रद्दीत घातलं. त्यामुळे गणिताची बाई घरात येणार म्हटल्यावर मला थोडं पोलीस ठाण्यात राहायला गेल्यासारखं वाटलं. पण मामांपुढे बोलायची पद्धत नव्हती.

मुलीकडच्यांनी दुपारी चारची वेळ दिली होती. मामांनी सकाळची पॅसेंजर धरली, कारण ती गाडी नेहमी उशिरा पोहोचते हे सगळ्या खान्देशाला माहीत आहे. त्या दिवशी ती वेळेवर पोहोचली. जळगाव स्टेशनात उतरल्यावर मामा घड्याळाकडे असे पाहत होते, जणू कोणी त्यांचा खिसा कापलाय. स्टेशनवर थांबावं तर पत्रा तापलेला. शेवटी रिक्षा केली आणि ऐन दुपारी, केळीच्या बागांना भाजून काढणाऱ्या वाऱ्यातून, डोक्याला ओले रुमाल बांधून आम्ही दोघं असोद्याला पोहोचलो.

मुलीचे वडील, म्हणजे आबा, ओट्यावर नुसत्या बनियनवर पंख्याचं पातं पुसत बसले होते. आम्हाला पाहून ते ताडकन उठले.

"अरे बापा! तुम्ही तं चारले येनार होते!"

"गाडी टाइमवर उनी," मामा म्हणाले. हे त्यांनी तक्रार करावी तसं सांगितलं.

आबा आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. अडचण अशी होती, की घरात कूलर एकच आणि तो पुढच्या खोलीत. त्या खोलीत वर्ग चाललेला. बाकीच्या खोल्यांत पापड भाजता आले असते. "तिथंच बसा थोडं," आबा सदरा चढवत म्हणाले. "गार हाये. पोरं काही खात नाही."

अशा रीतीने मी मुलगी पाहायला गेलो आणि नववीच्या वर्गात मागच्या सतरंजीवर जाऊन बसलो. शेजारी मामा, टोपी सावरत.

फळ्यापाशी ती उभी होती. हाताला खडूची भुकटी, केस रबरात कसेबसे बांधलेले. आम्हाला पाहून क्षणभर थांबली. ओढणी नीट केली. "नमस्कार. बसा. एवढं उदाहरण झालं की चहाचं सांगते," म्हणाली आणि पुन्हा फळ्याकडे वळली. मला तिचं ते वळणं आवडलं. पाहुणे आले म्हणून उदाहरण अर्ध्यावर सोडणारी बाई ती नव्हती. अर्थात हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा मी फक्त कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत सरकत होतो.

"एक्सचा वर्ग, वजा तीन एक्स, अधिक पाच," ती सांगत होती. "ही झाली बहुपदी. पदं बेरीज-वजाबाकीनं जोडलेली. अट एकच. एक्सच्या डोक्यावर जो घातांक बसतो तो पूर्ण संख्या पाहिजे. शून्य, एक, दोन, तीन असा. अर्धा चालत नाही, वजा चालत नाही. आणि सगळ्यात मोठा घातांक ती बहुपदीची कोटी."

कोटी हा शब्द ऐकून मामा सरळ बसले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पार्टी मोठी शे."

मग त्यांना राहवेना. त्यांनी चक्क हात वर केला. "पोरी, मी काय इचारस, हाऊ एक्स कोन शे?"

वैशाली अगदी गंभीरपणे म्हणाली, "कोणीही असू शकतो, मामा. अजून ठरलेला नाही."

पोरं फुटली. मामा मात्र खूश झाले. "आमना पोऱ्या बी तसाच शे," ते म्हणाले. मी सतरंजीच्या दशा मोजायला घेतल्या.

ती पुढे गेली. एक्सला एकदा किंमत दिली की सगळ्या बहुपदीची किंमत निघते, हे तिनं सांगितलं. किंमत काढणं हा मामांचा जन्मभराचा व्यवसाय, त्यामुळे ते ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवत होते. फळ्यावर तिनं लिहिलं: x² − 3x + 5, आणि खाली, x = −2.

पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, चैताली. गल्लीतली असणार, कारण आम्ही कशासाठी आलोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उभी राहिली. "मॅडम, पाहुण्यांना सोडवू द्या ना!"

"चैताली, खाली बस."

पण मामा उठले. "सोडवू द्या, सोडवू द्या! आमना पोऱ्या हिशोबमा पक्का शे. आख्खं दुकान चालावस."

आता फळ्याकडे जाण्यावाचून काही उरलं नाही. मी खडू घेतला. एक्सच्या जागी वजा दोन घालायचे एवढं मला कळलं होतं. नळी तुटली की जोड घालतात, तसे मी ते घातले. −2², म्हणजे वजा चार. पुढे वजा तीन, त्याला चिकटून वजा दोन, म्हणजे वजा पाच. शेवटी अधिक पाच. वजा पाच आणि अधिक पाच उडाले, हे पाहून मला फार बरं वाटलं. गणितात काही उडालं की उत्तर बरोबर असतं अशी माझी शाळेपासूनची समजूत. मी ऐटीत लिहिलं: −4.

"चूक!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. "पंधरा! पंधरा येतात!"

कूलर घरघरत होता. डस्टर हाताशीच होतं. पण मला खरंच कळेना. एवढी साधी तीन पदं, त्यात मी पंधरापासून वजा चारपर्यंत घसरलो कुठे? मी तिच्याकडे वळून विचारलं, "कुठं चुकलं?"

तिनं खडू घेतला. माझं काही पुसलं नाही. त्याच्या शेजारी लिहिलं: ( )² − 3( ) + 5.

"आधी रिकामे कंस काढायचे," ती मुलांना सांगत होती, पण थोडं मलाही. "एक्स जिथं जिथं आहे तिथं जागा मोकळी करायची. मग किंमत आत बसवायची. वजा दोन आपलं चिन्ह घेऊन येतात. त्यांना नुसतं मध्ये घुसवलं, तर शेजारच्या चिन्हाशी त्यांची मारामारी होते." कंसांत तिनं वजा दोन भरले. "वजा दोनचा वर्ग चार. वजा तीन गुणिले वजा दोन, अधिक सहा. आणि पाच. पंधरा."

"मायनस चार आनि पंधरा!" मागून मामांचा आवाज आला. "इतला फरक?"

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला, वर्ग सुटला आणि मुलं हा मजकूर घेऊन चारी गल्ल्यांत पांगली.

पुढचं पाहणं रीतसर झालं. आमरस होता, खापरावरचे मांडे होते, ती साडी नेसून आली, पण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फळाच होता. आबा मला वाढताना असे पाहत होते, जणू मोजून खातोय की नाही ते तपासताहेत. परतीच्या रिक्षाची वाट पाहत आम्ही ओट्याखाली उभे राहिलो, तेव्हा मामांचं सुरू झालं. आपला अपमान झाला, पोर आगाऊ आहे, पाहुण्याला कोणी फळ्यासमोर उभं करतं का. उभं त्यांनीच केलं होतं, पण मी मान वळवून भिंतीकडे पाहत राहिलो. भिंतीवर रंगानं लिहिलं होतं, 'व्हेकेशन बॅच, प्रवेश सुरू', आणि खाली मोबाइल नंबर. मामांचं बोलणं लांबलं आणि माझा नंबर पाठ झाला. दुकानदाराचं डोकं, त्यात नंबर आपोआप बसतात.

दोनच दिवसांत मामांनी नकार ठरवला. कळवायला फोन लावला, तर आबांनी आधी नकार दिला. "दुकान चालवते आन वजाबाकी येत नाही, अशा पोराले मी पोरगी देत नाही," असं ते म्हणाले. आपला नकार दुसरा ठरला, याचा मामांना जास्त राग आला.

असोद्याच्या कोणाची तरी मावशी दोंडाईच्याला दिली होती. आठवडाभरात बाजारात मला 'वजा चार' नाव पडलं. गिऱ्हाईक यायचं, "वजा चार भाऊ, नळीला एल्बो द्या." मी द्यायचो आणि वर हसायचोही. पण दुपारी शटर अर्धं ओढल्यावर, नळ्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर मी तीच बहुपदी पुन्हा पुन्हा मांडून पाहायचो. रिकामे कंस, वजा दोन, पंधरा. मग अधिक दोन घालून पाहिले. तीन आले. शून्य घातलं तर पाच. तीच ओळ, आणि आत कोण येतो त्यावर दर वेळी वेगळा चेहरा. मला दहावीपर्यंत कोणी हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत असेन.

एका दुपारी मी नंबर फिरवला.

"मला व्हेकेशन बॅचला प्रवेश पाहिजे," मी म्हणालो.

"कितवीत आहे मुलगा?"

"नववीत."

"नाव?"

खरं नाव सांगितलं तर फोन ठेवेल, असं वाटलं. "वजा चार," मी म्हणालो.

पलीकडे हसणं दाबल्याचा आवाज, आणि मग अगदी मास्तरणीच्या सुरात, "वय जास्त वाटतंय. वही आणलीय का?"

"पुठ्ठा आहे."

"चालेल. लिहा."

अशी माझी नववी सुरू झाली. दुपारी तिचा वर्ग सुटला आणि माझं दुकान ओस पडलं की शिकवणी. घरात चोरून असं तिच्याकडून काही नव्हतं, तिच्या आईला तिनं सांगितलं होतं, "दोंडाईच्याचा एक कच्चा विद्यार्थी आहे." ती विचारायची, एक भागिले एक्स ही बहुपदी आहे का? मी म्हणायचो, आहे. "नाही. तिथं एक्सचा घातांक वजा एक होतो. आणि एक्सचं वर्गमूळ?" मी सावधपणे म्हणायचो, नसावी. "का नसावी?" या 'का'ला मी फार भ्यायचो. "अर्धा घातांक," मी शेवटी म्हणालो त्या दिवशी ती "शाब्बास" म्हणाली आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला फिल्टरवर जादाचा वॉशर फुकट दिला.

एकदा मी विचारलं, "तुम्ही फोन ठेवून का दिला नाही?"

ती म्हणाली, "याआधी दोन स्थळं येऊन गेली. दोघांनाही चैतालीनं फळ्यापाशी नेलं. एक म्हणाला, प्रश्नच चुकीचा आहे. दुसरा म्हणाला, बीजगणिताचा आयुष्यात उपयोग काय. तुम्ही विचारलंत, कुठं चुकलं." आणि वर, "उत्तर अगदीच वाईट होतं, ते वेगळं."

मी त्या दिवशी पुढचं काही शिकू शकलो नाही.

पण दोन्ही घरांचे नकार तसेच होते. आंब्यांचा हंगाम उतरत आला, मामा माझ्यासाठी नंदुरबारकडचं दुसरं स्थळ काढायला लागले, आणि तिच्याकडेही कोणी इंजिनिअर येऊन जाणार असं तिनं एकदा उदाहरणाच्या मधेच सांगून टाकलं. मी त्या उदाहरणाचं उत्तर चुकलो. ती म्हणाली, "कंस विसरलात." मी म्हणालो, "हो."

आणि मग एक दिवस मामा दुकानात आले. चेहरा उतरलेला. माझ्यासमोर स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी काय सांगस, माले त्या दिनपासून झोप नही," ते म्हणाले. "मायनस गुनिले मायनस, प्लस कसाले? मी ग्रामसेवकले इचारं, पोस्टमास्तरले इचारं. बठ्ठा म्हनतस, नियम शे. नियम कोनी कया?"

मी तोपर्यंत नियम म्हणूनच शिकलो होतो. सांगता येईना. माझा हात मोबाइलकडे गेला आणि विचार करायच्या आत मी नंबर लावून स्पीकर सुरू केला. "मॅडम," मी म्हणालो, "माझ्या मामांना एक शंका आहे."

मामांचे डोळे विस्फारले. पलीकडून ती म्हणाली, "विचारा मामा."

मामांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. पण झोप न लागलेला माणूस राग किती धरणार? त्यांनी विचारलं.

"मामा, तुमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं ना?"

"रोज दोन हात खाले जास."

"खाली जातं म्हणून वजा दोन. आता उद्या-परवा नका बघू, मागे बघा. मागचे दिवस म्हणूनही वजा. तीन दिवसांमागे पाणी कुठं होतं?"

मामा बोट वर करून हवेत विहीर पाहू लागले. तळाशी गेले, पायऱ्या चढले. "सहा हात... वर व्हतं."

"वर म्हणजे?"

"प्लस," मामा पुटपुटले. मग ओरडले, "प्लस! अरे, प्लस!" समोरच्या हार्डवेअरवाल्यानं शटर वर करून पाहिलं. मामांनी टोपी घातली. उठले, पुन्हा बसले, फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाले, "पोरी, तू कोठे शे? घरमाच शे ना? बाप शे ना घरमा?" आणि उत्तराची वाट न पाहता माझ्याकडे वळले, "हाई पोर आपला घरमाच येवाले पायजे. दुसरी बात नही."

त्याच दुपारी, त्याच उन्हात, ते एकटे असोद्याला गेले. तिथे काय झालं ते मला वैशालीनं सांगितलं. मामांनी ओट्यावर बसून आबांना आधी विहीर समजावली. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बरोबर हाये. पन पोरगं वजा चार हाये ना."

मामा म्हणाले, "तुमना नकार मायनस, आमना नकार मायनस. आते तुम्हीच सांगा."

आबांनी मुलीला हाक मारली. हे गणित असं होतं का, विचारलं. ती म्हणाली, नकारांचा गुणाकार करतात की नाही ते मला माहीत नाही, पण मला चालेल. क्लास मात्र तिकडेही चालू राहील. आबा म्हणाले, "तं मंग मीच कशाले वजा राहू?" आणि आत चहा सांगितला.

लग्न दिवाळीनंतर झालं. पुढच्या मे महिन्यात आमच्या पुढच्या खोलीत दोंडाईच्याची पहिली बॅच बसली. मुलं मामांनीच गोळा केली होती. लग्नं जमवताना पालथी घातलेली सगळी घरं त्यांना ठाऊक, कोणाचं पोर नववीत गेलं हेही ठाऊक. पहिल्या दिवशी ते स्वतःही आले आणि मागच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. घरात सूनबाई म्हणणारे मामा त्या खोलीत तिला मॅडम म्हणत.

वैशाली कोटी शिकवत होती. घातांक दोन असेल तर कोटी दोन, एक असेल तर एक, नुसता पाच असेल तर कोटी शून्य. मामांनी हात वर केला.

"मॅडम, आनि नुसतं शून्य राहिनं तं? त्यानी कोटी कितली?"

"शून्य बहुपदीची कोटी ठरवता येत नाही, मामा."

मामांना ते पटेना. ते उठून उभे राहिले. "ठरत नही म्हंजे? कोन आडून बसनं? मी शे ना! दोन्ही पार्टीले आठे बलाव, चहा ठेव, आज सांजलोंग ठरावी देस."